कब्जेदार: माहीत नाही

शनिवारी रात्री चौघं येतील:
फ्लावियो, शांबा, मेलिटा
आणि मेलिटाचा तो न बोलणारा मावसभाऊ.
त्याआधी मला एक राज्य उभं करायचंय.

भूमापन कचेरीतून आणलेल्या रद्द नकाशांच्या
कोऱ्या पाठीवर मी पेन्सिलीनं नदी सोडते.
नदी सोपी. ती कुठूनही येते.
गाव अवघड,
गावाला कारण लागतं.

बारा वर्षं हा खेळ मांडून एवढंच कळलं,
की नुसता किल्ला दाखवून कुणी आत जात नाही.
किल्ल्याच्या दाराशी एक चप्पल ठेवावी लागते,
एकच, लहान मापाची,
अजून ओली.

म्हणून फेरीबोटीत, रायबंदर ते चोडण,
शेजारी सुंगटांची पाटी, मांडीवर वही,
मी गळ टाकत जाते:

एक तारी. चढताना पाच माणसं मोजतो,
उतरताना सहा,
आणि भाडं पाचांचंच घेतो.

खाणीच्या खड्ड्यातलं हिरवं पाणी. तळाशी देऊळ.
त्याची घंटा गावात एकालाच ऐकू येते,
जन्माच्या बहिऱ्या कुष्टाला.

बांधावरचा राखणदार. त्याला दरसाल रोट, विडी, नवी वहाण.
यंदा कुणीतरी जोड ठेवला तो
डाव्या पायाच्या दोन.

मिठागर, जिथे मीठ तांबडं...
हे खोडलं. फार सजवलेलं.
आमिष नको तितकं चमकलं
तर मासा हसतो.

आणि या सगळ्याच्या खाली, जुन्या जकातघराच्या पोटात,
तीन आठवडे खपून रचलेलं सात मजली भुयार:
पायरीगणिक सापळा, शेवटी आंधळी राणी,
मेलेल्या राजांची नाणी बोटांनी वाचणारी.
काय सांगू, मला स्वतःलाच तिची भीती वाटायची.

शनिवार. पाव, चोरीस, डासांची अगरबत्ती.
मंडळी जकातघराकडे निघाली
आणि वाटेत खाजनाच्या बांधावर थांबली.
तिथे एक मानस होती,
खाऱ्या पाण्याला थोपवणारं लाकडी दार.
मी ते काढलं होतं
फक्त कागदाची ती जागा रिकामी दिसत होती म्हणून.

'हें दार कोण उकतें करता?'
मावसभावानं विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

एक बाई, मी म्हटलं.
'नाव?'
वेळ काढायला वीस बाजूंचा फासा टाकला. अकरा.
आवडी, मी म्हटलं.
'एकलीच? रातचीय?'
एकटीच. रात्रीसुद्धा.
'आनी तिच्या फाटल्यान कोण?'

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
भरती मात्र होती, ती मी सोडली.

मग कुठली राणी आणि कुठलं काय.
फ्लावियोनं ढाल फळीसारखी आडवी लावली,
मेलिटा चिखल आणि पेंढा तुडवत राहिली,
शांबानं आगीच्या राक्षसासाठी जपलेला शेवटचा मंत्र
एका कुजलेल्या बिजागरीवर खर्चला.
रात्री दोनला सात शेतं वाचली.
खजिना म्हणून आवडीनं
प्रत्येकाला ओंजळभर कोरगूट तांदूळ दिला
आणि ते लेकाचे असे हसत घरी गेले
की मला माझ्या सात मजल्यांचा राग आला.

रविवारी कागद आवरताना
नकाशा उलटला.
जिथे पाठीवर माझं पेन्सिलीचं दार होतं
तिथेच, पुढच्या बाजूला, छापील बारीक अक्षरात:
मानस. कब्जेदार: माहीत नाही.

मी पाहिलं नव्हतं. शपथेवर सांगते,
पाहिलं नव्हतं.
शाई पलीकडे फुटलेली असेल. नसेलही.
आवडी हे नाव आमच्या घरात कुणाचं नाही.

सोमवारी रजा टाकली.
भरतीचं वेळापत्रक पाहून
ओहोटीला बांधावरून निघाले, वहीशिवाय.
वाट खारफुटीत शिरते
तिथे पाय गुडघ्यापर्यंत गेला.
वर आला तेव्हा
डावी चप्पल चिखलानं ठेवून घेतली होती.